अष्टपादाची परीक्षा



पत्रिकेतील आमचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "वारज्यात ऑक्टोपस कोठून आणलात?" प्रश्न रास्त आहे. आपल्या वारज्याला मुठा आहे, टेकडी आहे. समुद्र मात्र घाट उतरल्यावाचून दिसत नाही. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती घरात बसून दिसत नाही ते चार लोकांनी मिळून ऐकावे म्हणूनच. तेव्हा आजचा तास आपण ऑक्टोपसला द्यावा, अशी आमची विनंती आहे. शेवटी आम्ही आपणांस परत वारज्यालाच आणून सोडू.

ऑक्टोपस म्हणजे आपल्या शास्त्रीय मराठीतला अष्टपाद. मासळीबाजारात माकूळ म्हणून जे विकत मिळते, ते याच्याच भाऊबंदांपैकी. आपल्या वर्तमानपत्रांत ऑक्टोपस हा शब्द 'विळखा' या शब्दावाचून क्वचितच येतो. भ्रष्टाचार, महागाई, सावकारी या सर्वांचा विळखा ऑक्टोपसचा. बिचाऱ्याची बाजू कोणी विचारलेली नाही.

त्याच्याविषयी दोन निकाल प्रसिद्ध आहेत. पहिला सव्वादोन हजार वर्षांहून जुना. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात अष्टपादाला मूर्ख ठरविले. कारण काय, तर पाण्यात माणसाने हात घातला की हा प्राणी त्या हाताकडे येतो. दुसरा निकाल २०१० सालचा. त्या वर्षी फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू असता जर्मनीतील ओबरहाउझेन गावच्या मत्स्यालयात पॉल नावाचा ऑक्टोपस होता. त्याच्यापुढे दोन पेट्या ठेवीत. प्रत्येकीत खाऊ आणि बाहेर एकेका देशाचा झेंडा. ज्या पेटीतला खाऊ तो आधी खाईल तो देश जिंकणार! आठ सामन्यांचे त्याचे आठही निकाल बरोबर आले आणि सगळे जग त्याला ज्योतिषी म्हणू लागले.

एकाने मूर्ख म्हटले, दुसऱ्यांनी त्रिकालज्ञ म्हटले. आमचे म्हणणे असे, की या दोहोंपैकी एकानेही त्याची परीक्षा घेतलेली नाही. पॉलचेच पाहा. दोनशे छप्पन्न माणसांनी प्रत्येकी आठ वेळा नाणे उडविले, तर आठही वेळा बरोबर सांगणारा त्यांत सरासरीने एक निघतोच. आणि उद्याच्या सामन्यात कोण जिंकेल हे ज्याला कळण्याचा मार्गच नाही, त्याला ते विचारणे ही परीक्षा नव्हे, सोडत आहे. परीक्षा म्हणजे, ज्याचे उत्तर त्या प्राण्याला शोधून काढता येईल असा प्रश्न, त्याला समजेल अशा रीतीने विचारणे. हे किती अवघड आहे तेच आज सांगावयाचे आहे.

आधी विद्यार्थ्याची ओळख करून घेऊ. अष्टपादाला तीन हृदये असतात. रक्तात लोहाऐवजी तांब्याचे द्रव्य असल्यामुळे त्याचे रक्त निळसर दिसते. त्याच्या मज्जापेशी सुमारे पन्नास कोटी. कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्य थरात जितक्या असतात, साधारण तितक्या. परंतु यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी मेंदूत नसून त्याच्या आठ बाहूंत आहेत. म्हणजे आपण हाताने चाचपतो आणि डोक्याने ओळखतो. याचा हातच पुष्कळसे ओळखून मोकळा होतो. आयुष्य मात्र फार थोडे. सामान्य अष्टपाद एकदोन वर्षे जगतो. मादी अंड्यांची राखण करते, त्या काळात खाणे सोडते आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. तेव्हा प्रत्येक अष्टपाद जन्मतःच पोरका. त्याला आई शिकवीत नाही, गुरू शिकवीत नाही. जे शिकावयाचे ते त्याने एकट्याने आणि एकदोन वर्षांत शिकावयाचे. अशा प्राण्याला शिकता येते तरी किती, हे पाहण्याचा मोह शास्त्रज्ञांना पडला यात नवल नाही.

या कामाची पंढरी म्हणजे इटलीतील नेपल्स. तेथे आंटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली समुद्रकाठी एक संशोधनकेंद्र स्थापिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन झकारी यंग आणि ब्रायन बॉयकॉट या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तेथे प्रयोग मांडले. टाकीच्या एका टोकाला दगडांचे घर करून त्यात अष्टपाद ठेवीत आणि दुसऱ्या टोकाला खेकडा सोडीत. अष्टपाद झेप घालून खेकडा पकडी. पुढे कधी नुसता खेकडा सोडीत, तर कधी खेकड्याबरोबर पांढरा चौकोनी पत्रा. पत्र्याबरोबरचा खेकडा धरला की विजेचा हलका झटका बसे. थोड्याच दिवसांत अष्टपाद नुसत्या खेकड्यावर झेप घेई आणि पांढरा पत्रा दिसला की घरातच बसे. म्हणजे त्याने खूण ओळखली आणि ध्यानात ठेवली. मग शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूचा वरचा एक खंड काढला. झाले! तो पत्रा पाहूनही पुन्हा झेप घेऊ लागला, पुन्हा झटका खाऊ लागला. स्मृतीचे ठाणे कोठे आहे ते कळले.

हे ज्ञान मोठे आहे. स्मृती म्हणजे काय, या प्रश्नाला त्याने पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या बाजूने एक दार उघडून दिले. परंतु ते कोणत्या किमतीने मिळाले हेही आपण ऐकलेत. हा हिशेब आम्ही शेवटी पुन्हा काढणार आहोत.

आता १९५९ साली छापून आलेली एक गोष्ट. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे पीटर ड्यूज नेपल्सला आले. कबुतरे आणि उंदीर दांडी दाबून दाणा मिळवावयास शिकतात, हे तोपर्यंत पुष्कळदा दाखवून झाले होते. तेच अष्टपादाला जमते का, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांनी तीन अष्टपाद घेतले आणि त्यांची नावे ठेवली आल्बर्ट, बर्ट्रम आणि चार्ल्स. पाण्यात एक दांडी सोडलेली, वर एक दिवा. दांडी ओढली की माशाचा तुकडा मिळावयाचा. आल्बर्ट आणि बर्ट्रम पाण्यात तरंगत राहून सौम्यपणे दांडी ओढू लागले. त्यांचे गुण ठीक पडले.

चार्ल्सही दांडी ओढावयास शिकला; पण त्याची तऱ्हा निराळी. तो काही बाहू टाकीच्या भिंतीला घट्ट चिकटवी, उरलेल्यांनी दांडी धरी आणि सर्व बळ लावून ओढी. दांडी वाकली, पुन्हा पुन्हा वाकली, शेवटी मोडली. वर लोंबणारा दिवा तो पाण्यात ओढू पाही. आणि टाकीजवळ जो कोणी उभा राही, त्याच्यावर नरसाळ्यातून पाण्याची पिचकारी मारी. दांडी मोडल्यामुळे त्याचा प्रयोग मुदतीआधीच संपवावा लागला. ड्यूज यांचे कौतुक असे, की त्यांनी हे सारे लपविले नाही. सरळ लिहून छापले.

श्रोतेहो, चार्ल्स नापास झाला असे आपण म्हणाल काय? आम्ही जन्मभर शिक्षकाचा धंदा केला. प्रत्येक वर्गात एक चार्ल्स असतो. तो पाटी फोडतो, मास्तरांवर पाणी उडवितो आणि गुणपत्रिकेत त्याच्या नावापुढे लाल रेघ येते. त्याला काय येत होते हे त्या रेघेवरून कधीच कळत नाही. ड्यूज यांच्या दांडीला एकच विचारता येत होते, 'तू ओढतोस किती वेळा?' चार्ल्स त्याहून बरेच काही सांगत होता. पण ते टिपण्याला दांडीजवळ जागा नव्हती.

प्रश्न चुकतो तो आणखी एका तऱ्हेने. १९९२ साली नेपल्सलाच फिओरितो आणि स्कोत्तो या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही अष्टपादांना लाल आणि पांढऱ्या चेंडूंतून एकच निवडावयास शिकविले. शेजारच्या टाकीतले नवशिके अष्टपाद काचेतून हे चार वेळा पाहत. मग त्यांच्यापुढे तेच दोन चेंडू ठेवले, तर बहुतेक वेळी तेही शेजाऱ्याने निवडला तोच चेंडू निवडीत! नुसते पाहून शिकणे, तेही जन्मतः एकांतवासी असलेल्या प्राण्याने! या प्रयोगाचा गवगवा झाला, तशा त्यावर शंकाही घेतल्या गेल्या आणि वाद पुष्कळ दिवस चालला. आम्हांला त्यातली निराळीच गोष्ट सांगावयाची आहे. अष्टपादाच्या डोळ्यात रंग ओळखणारे द्रव्य एकाच जातीचे असते. आपण म्हणतो त्या अर्थी त्याला रंग दिसत नाहीत. लाल चेंडू आपल्याला लाल. त्याला तो केवळ गडद. प्रश्नपत्रिका आपण आपल्या डोळ्यांनी लिहितो, तो ती आपल्या डोळ्यांनी वाचतो.

मार्टिन वेल्स यांनी नेपल्सला हेच स्पर्शाच्या बाबतीत दाखविले. खाचा असलेली आणि गुळगुळीत नळकांडी अष्टपाद नुसत्या स्पर्शाने वेगळी ओळखी. परंतु एक जड आणि एक हलके असे दिले, की त्याला भेद करता येईना. आपल्या पोराला शेर आणि अदपाव हातात धरून कळतो. पन्नास कोटी मज्जापेशींच्या या धन्याला कळू नये? कारण, बाहूला किती जोर लावावा लागला ही बातमी बाहूतच राहते, मेंदूपर्यंत तिचा उपयोग होत नाही. यात बुद्धीचा दोष नाही; शरीराची घडणच तशी आहे.

आणि परीक्षक स्वतःच उत्तर सुचवितो, तो धोका निराळाच. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणिते करतो अशी ख्याती होती. खूर आपटून तो उत्तर सांगे. १९०७ साली ऑस्कर पफुंग्स्ट याने सिद्ध केले, की घोडा अंक मोजीत नसे, प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा आणि मान वाचीत असे. उत्तर जवळ आले की विचारणारा नकळत हालचाल करी आणि घोडा थांबे. त्याला गणित येत नव्हते हे खरे. पण माणूस वाचावयास येत होते, आणि ते विचारण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

माणूस वाचण्याची ही विद्या अष्टपादालाही आहे काय? अमेरिकेतील सिएटल शहराच्या मत्स्यालयात रोलंड अँडरसन आणि जेनिफर मेथर यांनी सहकाऱ्यांसह हे पाहिले आणि २०१० साली प्रसिद्ध केले. आठ मोठे अष्टपाद. त्यांच्याकडे जाणारी दोन माणसे, दोघांचा वेष एकच. एकजण नेहमी खाऊ देई, दुसरा काठीला लावलेल्या खरखरीत ब्रशाने डिवची. दोन आठवड्यांत फरक दिसू लागला. खाऊवाला आला की अष्टपाद त्याच्याकडे सरके. डिवचणारा आला की दूर जाई आणि नरसाळे त्याच्या दिशेला रोखी. वेष सारखा असूनही त्यांनी माणूस ओळखला होता. याच दोघांनी १९९९ साली आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. टाकीत औषधाची रिकामी बाटली तरंगत सोडली. आठांपैकी दोघांनी तिच्यावर पाण्याचा झोत मारला, बाटली टाकीतल्या प्रवाहाने फिरून परत आली, पुन्हा झोत मारला, असे वारंवार. खावयाचे काही नाही, भ्यावयाचे काही नाही. आपण मुलाला चेंडू भिंतीवर टप्पे घेताना पाहतो तेव्हा त्याला खेळ म्हणतो. येथेही दुसरा शब्द सापडत नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे वारज्याला येऊ. टेकडीच्या बाजूला तारांवर तो हिरवा, लांब चोचीचा, शेपटीत दोन बारीक काड्या असलेला पक्षी आपण सर्वांनी पाहिला आहे. तारेवरून उडतो, हवेत गिरकी घेतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. गिरकी घेताना तो किडा पकडतो. आपण मात्र त्याचे नाव वेडा राघू ठेवून मोकळे झालो. ॲरिस्टॉटलने अष्टपादाला मूर्ख म्हटले, तसलाच हा निकाल!

या वेड्याची परीक्षा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेली आहे. आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी ती घेतली आणि २००२ साली प्राण्यांच्या बुद्धीला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ती छापून आली. वेडा राघू मातीच्या कडेला बीळ करून त्यात अंडी घालतो. शत्रू जवळ असता तो बिळात शिरत नाही, कारण शिरल्यास घर उघडे पडते. येथे शत्रूचे सोंग माणसाने घेतले. माणूस एकदा अशा जागी उभा राही की तेथून बीळ दिसे. एकदा जवळपास तितक्याच अंतरावर, पण अशा ठिकाणी की तेथून बीळ दिसत नसे. माणसाला बीळ दिसत नाही अशा वेळी राघू अधिक वेळा आत शिरले. पुढे आणखी बारकाईने पाहिले. माणूस बिळाकडे तोंड करून आहे की दुसरीकडे? दुसरीकडे पाहत असला म्हणजे राघू अधिक वेळा शिरत. माणसाची नजर बिळापासून किती वळलेली आहे याने फरक पडे. खुद्द पक्ष्यापासून किती वळलेली आहे याने पडत नसे.

यात मोठी गोष्ट आहे. 'मला तो पाहतो का' एवढेच हा पक्षी बघत नाही. 'माझे घर त्याला दिसते का' हे बघतो. त्याला माणसाचे मन कळते असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. पण दुसऱ्याच्या डोळ्यांना काय दिसते याची दखल तो घेतो, एवढे म्हणावयास आधार आहे. आणि पक्ष्यापक्ष्यांत फरकही आढळला. तेथेही आल्बर्ट होते आणि चार्ल्स होते. या प्रयोगाला पिंजरा लागला नाही, विजेचा झटका लागला नाही, सुरी लागली नाही. प्रश्न त्या पक्ष्याच्या रोजच्या संसारातला होता, म्हणून उत्तर स्वच्छ आले.

कोणी म्हणेल, मग अष्टपादालाही समुद्रातच का पाहू नये? पाहतात. २००९ साली इंडोनेशियाच्या समुद्रतळावरील अष्टपादांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून, पायांच्या टोकांवर अवघडत चालत नेतात आणि पुढे कोठे उघड्यावर गेले की दोन करवंट्या जुळवून आत बसतात. ज्याचा उपयोग आज नाही, उद्या होईल, ते ओझे आज वाहणे म्हणजे संसारी माणसाचे लक्षण. टाकीत करवंटीची गरज कोणाला पडणार? परंतु स्मृती कोठे राहते, माणूस ओळखतो का, हे प्रश्न समुद्रात विचारता येत नाहीत. टाकी काही प्रश्नांना लागतेच. हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो.

मान्य केल्यावर हिशेब येतो. २०२१ साली रॉबिन क्रूक या संशोधिकेने असे दाखविले, की अष्टपादाला जेथे दुखविणारे इंजेक्शन मिळाले ती जागा तो पुढे टाळतो, आणि दुखणे बधिर करणारे औषध जेथे मिळाले ती जागा पसंत करतो. म्हणजे झटक्याने केवळ त्याचे अंग आक्रसत नाही. दुखणे त्याला दुखणे म्हणून लागते. युरोपीय संघाने २०१० साली प्रयोगांतील प्राण्यांविषयीच्या नियमांत अष्टपादाच्या कुळाला घेतले. ब्रिटनने २०२२ साली सुखदुःख जाणणाऱ्या प्राण्यांच्या कायद्यात त्याला जागा दिली. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ साली त्याची खाण्यासाठी शेती करण्यास बंदी घातली.

आणि आपल्याकडे? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीतून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात प्राणी याची व्याख्या, मनुष्याखेरीज कोणताही जीव, अशी आहे. कणा असो वा नसो, बाहू आठ असोत वा एकही नसो. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात वा भांड्यात प्राणी कोंडणे त्यात गुन्हा ठरविले आहे, आणि प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद आहे. युरोपने पन्नास वर्षांनी जे दार किलकिले केले, ते आपल्या कायद्याने आधीच उघडलेले होते. कायद्याने उघडले, आपल्या मनाने उघडले का, हे ज्याने त्याने आपल्याला विचारावे. आम्ही आम्हांला विचारले आणि उत्तर चांगले आले नाही. ते सांगून आम्ही थांबतो.

आम्ही तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविले. प्रयोगशाळेत फळीवर एक बरणी असे. तीत फॉर्मॅलिनमध्ये बुडविलेला, पांढराफटक, आठ दोऱ्यांच्या गुंत्यासारखा अष्टपाद. बरणीवर चिठ्ठी. मुलांनी चिठ्ठी झाकून नाव ओळखावयाचे आणि दोन लक्षणे लिहावयाची. एकदा एका मुलीने विचारले, "सर, जिवंत असताना हा दिवसभर करतो काय?" आम्ही उत्तर दिले, "ते परीक्षेला येत नाही." वर्ग हसला. ती खाली बसली. तिने पुन्हा कधी काही विचारले नाही. खरे कारण असे, की आम्हांला ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही म्हणावयाची लाज वाटली.

निवृत्त झाल्यावर एकदा कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतून हिंडत होतो. एका डबक्यात दगडाचा एक भाग श्वास घेत असल्यासारखा दिसला. पाहतो तो अष्टपाद! दगडाचा रंग, दगडाचे खवले, आणि मध्ये एक डोळा आमच्यावर रोखलेला. आम्ही हात पाण्यात घातला. थोड्या वेळाने एक बाहू हळूच पुढे आला आणि त्याच्या टोकाच्या बारीक वाट्या आमच्या बोटाला लागल्या, एक लागे, एक सुटे. तो आम्हांला चाचपून पाहत होता. ॲरिस्टॉटलने ज्याला मूर्खपणा म्हटले तो हाच. आम्ही दचकून हात काढून घेतला. तो दगडाखाली गेला आणि पुन्हा आला नाही. जो प्रश्न विचारावयास पुढे आला तो आठ बाहूंचा होता. आणि भिऊन पळाला तो प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक होता.

त्या मुलीचा प्रश्न योग्य होता. दिवसभर हा करतो काय, येथूनच प्रत्येक चांगली परीक्षा सुरू होते. नेपल्सच्या टाकीत काय, गरवारे महाविद्यालयाच्या त्या प्रयोगात काय, ज्यांनी आधी हे विचारले त्यांनाच पुढे काही उत्तर मिळाले.

 वेड्या राघूच्या विणीच्या दिवसांत सकाळी टेकडीकडे फिरावयास गेलात आणि मातीच्या कडेला एखादे बीळ दिसले, तर फार जवळ जाऊ नका, फार वेळ उभे राहू नका. तारेवर चोचीत किडा धरून तो बसलेला असेल. थोडे लांब जाऊन पाठ फिरवा आणि पिलांना खाऊ मिळू द्या. घरी आल्यावर मुलांनी विचारले, की तो पक्षी दिवसभर करतो काय, तर ठाऊक असेल तेवढे सांगा. नसेल तर त्यांना घेऊन उद्या पुन्हा जा.